कुत्रा घेऊन रानात जाताना

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस बुलढाणा जिल्ह्यात भटकंतीला सगळ्यांत चांगले. कापूस वेचणीला आलेला असतो, तूर शेंगांनी लगडते, रब्बीची ज्वारी हळूहळू हुरड्यावर येते आणि उन्हाचा चटका ओसरलेला असतो. याच दिवसांत लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावांत पुण्या-संभाजीनगरचे पाहुणे येतात, आणि आता अनेकांच्या सोबत घरातला कुत्राही असतो. मुलांना जंगल पाहायचं असतं, कुत्र्याला एकट्याला मागे ठेववत नाही आणि खर्चही आटोक्यात ठेवायचा असतो. लोणारचं सरोवर इथून अर्ध्या-पाऊण तासावर, ज्ञानगंगा अभयारण्य चिखली-बुलढाण्याच्या बाजूनं दोनेक तासांवर. तेव्हा कुत्र्याला गाडीत घालून थेट अभयारण्य गाठावं, असं वाटणं साहजिक आहे. तरीही माझं म्हणणं असं, की कुत्रा सोबत असेल तर अभयारण्याच्या आत जायचा विचारच करू नये. मुक्काम वावरात करावा आणि रान त्याच्या कडेनं पाहावं. हे जंगलाच्या भल्याचं आहे, कुत्र्याच्या भल्याचं आहे आणि खिशाच्याही भल्याचं आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात, ही यातली सगळ्यांत समाधानाची बाब.

आधी कायदा पाहू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात कोणालाही मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. कामावरचे सरकारी कर्मचारी, आत राहण्याची परवानगी असलेले किंवा आत जमीनजुमला असलेले लोक आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारे वाटसरू यांना मुभा आहे, बाकीच्यांना परवाना लागतो. पर्यटनासाठी परवाना मिळतो, पण तो अटींसह, आणि पाळीव प्राणी आत न आणणं ही व्याघ्र प्रकल्पांच्या दारावरची नेहमीची अट आहे. याच कायद्यानं केलेली शिकारीची व्याख्याही वाचण्यासारखी आहे. बंदूक चालवणं म्हणजेच शिकार, असं तिथं म्हटलेलं नाही. जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि यांतलं काहीही करू पाहणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. ‘आमचा टॉमी सशामागं नुसता गंमत म्हणून धावला’ हे मालकाचं सांगणं झालं, सशाच्या दृष्टीनं तो पाठलागच असतो. याच कायद्यात १९९१ साली ३३-अ हे कलम आलं. त्यानुसार अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या परिघात पाळल्या जाणाऱ्या गुराढोरांना संसर्गजन्य रोगांच्या लसी टोचून घेण्याची जबाबदारी वन्यजीव विभागावर आहे. पाळीव जनावराचा रोग जंगलात शिरला तर काय होतं, याची जाणीव कायद्यालाही आहे, हे त्यावरून कळतं.

ती जाणीव रास्त असल्याचं अनुभवानं दाखवलं आहे. १९९४ साली टांझानियाच्या सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूची साथ आली आणि सुमारे हजार सिंह मेले. तिथल्या एकूण सिंहांपैकी ते जवळजवळ एक तृतीयांश होते. हा विषाणू मूळचा कुत्र्यांच्या ओळखीचा, आणि त्यानंतर उद्यानाभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांना लसी टोचण्याची मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. इथिओपियाच्या बाले पर्वतातले दुर्मीळ लांडगे कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजनं पुन्हा पुन्हा मेले आहेत. आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत हाच डिस्टेंपर सापडला आणि बाकीच्यांना वाचवण्यासाठी परदेशातून लस मागवावी लागली. महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाकडे पाहावं. अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मोकाट कुत्र्यांचे आणि खोकडांचे रक्तनमुने तपासले, तेव्हा डिस्टेंपर आणि पार्वो या दोन्ही विषाणूंशी बहुतेक कुत्र्यांचा संबंध येऊन गेल्याचं दिसलं. पार्वोचा विषाणू तर विष्ठेतून जमिनीत उतरतो आणि तिथं कित्येक महिने तग धरतो. म्हणजे कुत्रा तासाभरात गाडीत बसून घरी परतला, तरी त्याच्या मागे राहिलेलं तिथंच राहतं.

यावर घरंदाज कुत्र्याचा मालक दोन गोष्टी सांगतो. आमच्या कुत्र्याच्या सगळ्या लसी झाल्या आहेत आणि तो साखळीला असतो. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, पण पुरेशा नाहीत. लसीनं कुत्र्याचा स्वतःचा बचाव होतो. त्याच्या अंगावरचे गोचीड, पंजाला चिकटलेली माती आणि त्याचा वास यांवर लसीचा काही परिणाम नसतो. साखळीचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या वनवाटांवर पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी याचीच परीक्षा घेतली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, साखळीला बांधलेला कुत्रा वाटेवरून चालवत नेला तेव्हा तिथं दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती सुमारे ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी घटले. नुसती माणसं चालली तेव्हाही घट झाली, पण ती बरीच कमी. ज्या वाटांवर रोज कुत्री येत होती, तिथल्या पक्ष्यांनाही त्याची सवय झालेली नव्हती. नान्नजच्या खोकडांचंही तेच. जवळपास कुत्रा आहे असं कळलं की ती खाणं सोडून सावध उभी राहतात. कुत्रा भुंकला नाही, धावला नाही, कोणाला चावला नाही, तरी रानातल्या जिवांच्या लेखी तो शिकारी प्राणीच असतो. आता लोणारचं अभयारण्य केवढं, तर सुमारे चार चौरस किलोमीटरांचं, त्यातही मधोमध खाऱ्या पाण्याचं सरोवर. एवढ्याशा विवराच्या उतारावरच्या झाडीतून घाबरलेला मोर किंवा वानरांचा कळप जाणार तरी कुठं?

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे. गावची मोकाट कुत्री अभयारण्यात फिरतात, गुरं चरायला जातात, मग वर्षातून एकदा आलेल्या आमच्या कुत्र्यानंच काय घोडं मारलं? २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून अधिक मोकाट कुत्री मोजली गेली, तेव्हा या आक्षेपामागचा आकडा लहान नाही. पण एका नुकसानीनं दुसऱ्या नुकसानीची भरपाई होत नाही, त्यात भरच पडते. मोकाट कुत्र्याला आवर घालणं अवघड आहे, कारण त्याला धनी नाही. त्यासाठी नसबंदी, लसीकरण आणि उघड्यावरचा कचरा हटवणं ही वर्षानुवर्षांची कामं आहेत. आपला कुत्रा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. शिवाय तो दोनशे-चारशे किलोमीटरांवरून येतो, म्हणजे इथं नसलेला रोग आणण्याची शक्यता गावच्या कुत्र्यापेक्षा त्याच्याबाबत अधिक. सगळ्यांत सोपा उपाय जिथं चालतो तिथून सुरुवात करणं, यात अन्याय काही नाही.

जंगलाचा विचार बाजूला ठेवून फक्त कुत्र्याचा विचार केला, तरी उत्तर तेच येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. त्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला आणि एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. म्हणजे तिथल्या बिबट्याचं मुख्य भक्ष्य कुत्रा हेच होतं. ज्ञानगंगेत बिबटे आहेत आणि अस्वलंही आहेत. अस्वलाच्या बाबतीत तर धोका दुहेरी. मोकळा कुत्रा त्याच्यावर भुंकत जातो आणि अस्वल उलटलं की जीव घेऊन मालकाकडेच पळत येतो, चिडलेल्या अस्वलाला मागे घेऊन. वन्यप्राणी अभयारण्याची हद्द पाळतात असंही नाही. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ तेलंगणाची आणि विदर्भ-मराठवाड्याची शेतं, नाले, रस्ते ओलांडत १,३०० किलोमीटरांहून अधिक चालून त्याच वर्षीच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. पुढे त्याला ‘वॉकर’ हे नाव पडलं. तो रात्रीचा चालला आणि वाटेतल्या बहुतेक गावांना त्याचा पत्ताही लागला नाही. म्हणून बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला जाताना अभयारण्यातला रस्ता लागला, तर कुत्र्याला पाय मोकळे करायला तिथं उतरवू नये. आणि वावरात मुक्काम असला तरी दिवेलागणीनंतर त्याला अंगणात बांधून ठेवू नये. रात्री त्याची जागा दाराच्या आत.

मग जायचं कुठं? वऱ्हाडात याचं उत्तर मुबलक आहे. एखाद्या नातेवाइकाचं किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचं वावर, गावाजवळचा मोकळा माळ, तलावाच्या काठापासून जरा दूरची पडीक जमीन. सरकारी ई-क्लास जमिनीवर फिरायचं तर आधी गावात विचारावं, कारण त्यावर गावच्या गुरांचा चराईचा हक्क असतो. राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या कितीतरी आधीपासून पुण्या-बारामतीकडे शेतमुक्कामाची पद्धत रुजलेली आहे, आणि आपल्या भागात ती वाढायला भरपूर वाव आहे. खर्चाचा हिशेब सरळ आहे. बीबीहून चिखलदऱ्याला जाऊन यायचं म्हणजे चारशे किलोमीटरांच्या वर प्रवास, शिवाय मेळघाटातल्या जिप्सीचे हजारो रुपये. कुत्रा चालवून घेणारं हॉटेल मिळालंच तर ते त्याचे वेगळे पैसे लावतं, आणि सफारीला तर तो येऊच शकत नाही, म्हणजे त्या वेळी घरातलं एक माणूस खोलीतच अडकतं. उलट लोणारला जाऊन यायला साध्या गाडीला तीन-चार लिटर पेट्रोल पुरतं. शेतकऱ्याला राहण्या-जेवणाचे पैसे आवर्जून द्यावेत, ते हॉटेलपेक्षा कितीतरी कमी पडतात आणि गावात राहतात. रेल्वेनं यायचं तर कुत्र्याला फर्स्ट एसीच्या पूर्ण आरक्षित कूपेत किंवा गार्डच्या डब्यातल्या पेटीत न्यावं लागतं. पहिला मार्ग महाग आणि दुसऱ्यात कुत्रा हबकून जातो. दोन कुटुंबांनी मिळून एक गाडी करणं यापेक्षा सोयीचं.

अशा मुक्कामात दिवस कसा जातो, हेही सांगायला हवं, नाहीतर वावरात करायचं काय असा प्रश्न पडतो. सकाळी दव सुकायच्या आत मुलांना आणि साखळीतल्या कुत्र्याला घेऊन धुऱ्याधुऱ्यानं चालावं. ओल्या मातीत रानडुकरांनी उकरलेले खड्डे, रोह्यांच्या खुरांचे ठसे, बोरीच्या काट्यात अडकलेली मोराची पिसं, हे सगळं मुलांनी स्वतः ओळखायचं. कुत्रा नाक जमिनीला लावून थबकला की तिथून रात्री कोणीतरी गेलं आहे, हे मुलांना न सांगता कळतं. ऊन वर आलं की हुरड्याची आगटी पेटवायची. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा लालबुंद विस्तव, वर ज्वारीची कोवळी कणसं. कणीस हातावर चोळलं की हिरवे, वाफाळते दाणे मोकळे होतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, भरीत आणि भाकरी. कुत्र्याला मात्र आगटीपासून लांब, सावलीत बांधावं, कारण राखेखालचा निखारा दिसत नाही आणि पंजा भाजतो. कौतुकानं त्याच्यापुढं भरीत किंवा ठेचाही टाकू नये, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो. मीठ-मसाला नसलेली भाकरी, त्याचं नेहमीचं खाणं आणि घरचं पाणी त्याला पुरे.

लोणार टाळायचंही कारण नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर साडेपाच लाखांहून अधिक वर्षांपूर्वी उल्केच्या आघातानं बेसाल्ट खडकात पडलं. बेसाल्टमध्ये इतकं नीट टिकून राहिलेलं आघात-विवर जगात दुर्मीळ आहे, आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. घरातल्या माणसांनी दोन पाळ्या कराव्यात. एक पाळी सरोवर आणि दैत्यसूदन मंदिर पाहते, तोवर दुसरी कुत्र्यासोबत गावाबाहेर झाडाखाली थांबते, मग अदलाबदल. यात एक रुपयाही जास्त लागत नाही. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आणि मोती तलाव पाहतानाही हाच नियम. कुत्र्याला बंद गाडीत ठेवून सगळ्यांनी मिळून जाणं मात्र कधीही नको. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात वीसेक अंशांनी चढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. खिडकीची फट ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. आतली हवाच तापली की धापा टाकून उपयोग होत नाही.

शेतात धोके नाहीत असं नव्हे, पण ते विचारून-सवरून टाळता येण्यासारखे आहेत. आल्या आल्या शेतकऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. शेजारच्या कापसावर किंवा तुरीवर फवारणी कधी झाली? रानडुकरांसाठी कोणाच्या कुंपणात करंट सोडलेला आहे का? बिनकठड्याची विहीर कुठं आहे? कीटकनाशकाच्या फवारणीनं २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतमजूर दगावले होते. ते औषध पानांवर असताना त्यातून फिरलेला कुत्रा घरी येऊन तेच पंजे चाटतो. करंटच्या तारेत रानडुकराबरोबर गुरं आणि माणसंही सापडतात. वावरातली राखणीची कुत्री परक्या कुत्र्याला सहन करत नाहीत, धनगरांच्या मेंढ्यांजवळची तर मुळीच नाहीत, तेव्हा त्यांना आधी वळसा घालावा. निघण्यापूर्वी रेबीजची आणि बाकीच्या लसी वेळेवर झाल्या आहेत का ते पाहावं, गोचिडांचं औषध लावावं आणि परत आल्यावर कानामागं, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून गोचीड शोधावेत. गोचीड तापाच्या उपचाराचा खर्च अख्ख्या सहलीच्या खर्चाहून मोठा होऊ शकतो. कुत्र्याची विष्ठा कागदात उचलून खोल पुरावी, नाल्याकाठी सोडू नये.

शेवटचा आक्षेप असा, की वावर आणि माळ म्हणजे जंगल कुठं? हा आपल्या मनातला गैरसमज आहे, आणि माळरानांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली आहे. गर्द झाडी आणि वाघ दिसला तरच जंगल, असं मानल्यामुळं गवताळ माळ ‘पडीक’ ठरले. खोकड, कोल्हा, लांडगा, ससा, चंडोल, तितर यांचं घर हेच आहे. म्हणूनच माळावरही कुत्रा मोकळा सोडायचा नाही. पुण्याच्या परिसरातल्या माळावर दिसलेला वेगळाच प्राणी लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं, आणि तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांचा वावर असाच वाढत गेला तर अस्सल लांडगाच उरणार नाही, ही भीती त्यातून पुढं आली. काहीजण विचारतील, साखळीलाच ठेवायचं तर कुत्र्याला आणलं कशाला? तर आपल्या माणसांसोबत राहणं आणि नवे वास घेणं, ही कुत्र्याची सहल. सात-आठ मीटरच्या लांब दोरीनं त्याला दोन्ही मिळतं, रानाला धक्का न लावता. कुत्रा म्हातारा असेल, आजारी असेल, पगसारखा चपट्या नाकाचा किंवा हस्कीसारखा दाट केसांचा असेल आणि उन्हाळा सुरू झालेला असेल, तर त्याला ओळखीच्या घरी ठेवून जाणंच प्रेमाचं. बाकीच्यांनी जरूर सोबत न्यावं. फक्त वनखात्याची पाटी दिसली की तिच्या अलीकडे थांबावं, शेतकऱ्याला त्याचे पैसे चोख द्यावेत, साखळी हातातून सोडू नये आणि मुलांना हे सगळं का करायचं ते समजावून सांगावं.